चौदा डोकी मोजताना

"मे महिन्यात पंधरा दिवस मी जपानला जाणार आहे," असं मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. सासूबाई तर एवढंच म्हणाल्या, "अगं, आणि लोणच्याच्या कैऱ्या?" त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा! मे म्हणजे आमच्या घरी कैऱ्या, कुरडया आणि साखरांबा. बावीस वर्षांच्या संसारात मे महिन्यात मी घर सोडलं ते सांगलीला माहेरी जाण्यापुरतं, आणि तेही दोन्ही मुलांना बरोबर घेऊन.

झालं होतं असं, की आमच्या पुण्यातल्या कॉलेजात जपानी भाषेचा वर्ग चालतो. त्या वर्गातले चौदा विद्यार्थी २०२४ च्या मे महिन्यात ओकायामा या गावी जायचे होते. अकरा मुली आणि तीन मुलगे. जपानी शिकवणारे सर बरोबर होतेच. पण मुली जास्त, तेव्हा एखादी बाईमाणूस हवीच, असा पालकांचा आग्रह पडला. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी आजारपण, असं करता करता माळ माझ्या गळ्यात येऊन पडली. मी शिकवते भूगोल. जपानी म्हणाल तर 'सायोनारा'च्या पुढे एक अक्षर येत नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, टोकियो-क्योटो सोडून हे ओकायामा कुठलं? पुण्याच्या मैत्रिणींना ते न बघताही ठाऊक आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेलच. २००६ साली उभी राहिलेली ती पुणे-ओकायामा मैत्रीची बाग. ओकायामात 'कोराकुएन' म्हणून तीनशे वर्षांची जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर ती केलेली. रविवारी मुलांना घेऊन जिथं मी भेळ खायला जात असे, त्या बागेची थोरली बहीण बघायला आम्ही निघालो होतो.

मुंबईच्या विमानतळावर पालकांची ही गर्दी! एकेका आईनं माझा हात हातात घेतला. "मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवतोय हं." "काही झालं तर लगेच कळवा, रात्री-अपरात्री केव्हाही." मीही प्रत्येकीला शब्द दिला. आणि त्या घटकेपासून मला मोजायचा नाद लागला. सुरक्षा तपासणी झाली, की मोज. विमानात बसलो, की मोज. बँकॉकला विमान बदलायचं होतं, तिथं तर पाच वेळा मोजलं. चौदा भरले की जीव खाली पडायचा.

ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. १९९४ साली तो सुरू झाला. खिडकीतून बघताना वाटतं, विमान पाण्यातच उतरतंय. उतरल्यावर पहिला प्रसंग गुदरला तो हापूस आंब्यांचा. एकीच्या आईनं चार आंबे आणि कढीपत्त्याची जुडी बॅगेत घातली होती. ताजी फळं आणि पाला तिकडे असा नेता येत नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं ते आंबे दोन्ही हातांनी उचलून घेतले, वाकून माफी मागितली आणि ठेवून घेतले. लोणचं, चटण्या, भाजणी, मेतकूट मात्र सगळं सुटलं. आमच्या सामानाला सबंध रांगेत मेतकुटाचा वास येत होता!

सर अधिकाऱ्याशी बोलत असताना मला सारखं "हाय, हाय" ऐकू येत होतं. मी घाबरलेच. आपल्याकडे 'हाय हाय' म्हणजे एक तर मोर्चा, नाही तर काही तरी अशुभ. मुली हसून लोटपोट. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'! पुढचे पंधरा दिवस मीही मग दिवसाकाठी शंभरदा "हाय" म्हटलं.

तिथून एका गाडीनं शिन-ओसाका आणि पुढे शिनकानसेन, म्हणजे ती प्रसिद्ध वेगवान आगगाडी. १९६४ साली ती टोकियो ते ओसाका सुरू झाली आणि १९७२ साली ओकायामापर्यंत आली. पाऊण-एक तासात आम्ही पोचलोसुद्धा. घरून आणलेल्या दशम्या उघडून होईपर्यंत उतरायची वेळ झाली.

ओकायामा म्हणजे मोमोतारोचं गाव. ही तिथली लहान मुलांची गोष्ट. एका म्हाताऱ्या जोडप्याला नदीतून वाहत आलेलं मोठं पीच फळ सापडतं आणि त्यातून निघतो मुलगा. मोठा झाल्यावर तो राक्षसांच्या बेटावर निघतो, तेव्हा म्हातारी त्याला किबिदांगो, म्हणजे वरीसारख्या धान्याचे लाडू, शिदोरीला बांधून देते. वाटेत एक कुत्रा, एक माकड आणि एक फेझंट पक्षी त्याला भेटतात. तो प्रत्येकाला लाडू देतो आणि ते त्याचे सोबती होतात. गावात त्याचे पुतळे आहेत, रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरसुद्धा त्याचं चित्र आहे. ही गोष्ट मी तेव्हा नुसती ऐकून घेतली. पुढे ती फार आठवली.

आमची सोय एका वसतिगृहात होती. दारातच चपला काढायच्या, आतल्या सपाता निराळ्या, आणि संडासच्या सपाता त्याहून निराळ्या! सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या आपल्याला हे चटकन समजतं. मी दुसऱ्यांदा चुकून संडासच्या सपाता घालून जेवणघरात गेले, तेव्हा वसतिगृह सांभाळणाऱ्या साठीच्या बाईंनी तोंडावर हात घेतला, अगदी आमच्या सासूबाईंसारखाच. कचऱ्याचंही तसंच. जळणारा वेगळा, प्लास्टिकचा वेगळा, आणि पाण्याची बाटली टाकायची तर ती धुऊन, तिचं झाकण आणि वरचा कागद काढून मग.

आंघोळीपाशी मात्र आमच्या मुली अडल्या. तिथं बायकांची न्हाणी सगळ्यांना मिळून एक असते. बुटक्या चौरंगावर बसून आधी साबणानं स्वच्छ व्हायचं, आणि मग गरम पाण्याच्या मोठ्या टाक्यात गळ्यापर्यंत बसायचं. टाक्यातलं पाणी सगळ्यांचं, तेव्हा त्यात साबण लावायचा नाही. आणि अंगावर कपडा म्हणून नाही! पहिल्या रात्री आमच्यापैकी कुणी आंघोळ केली नाही, हे आता सांगायला हरकत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही पाळ्या लावल्या आणि एकेक जण दार लावून उरकून आलो.

जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तिथं मे महिन्यात पहाटे पाचलाच ऊन येतं, तेव्हा आपल्या घड्याळात दीड वाजलेला. सगळ्यांचे डोळे तांबारलेले. अशात दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला गरम भात, मुळ्याचं लोणचं आणि मिसोचं सूप आलं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली चटणीसारखी घट्ट गोळी. आमच्यातली एक नाशिकची मुलगी, घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, तिला ते इतकं आवडलं की ती दोन वाट्या प्यायली आणि जपानीत त्या बाईंना कृती विचारायला गेली. बाईंनी कौतुकानं एक पाकीट काढून दाखवलं. वाळवलेल्या माशाच्या झिलप्या! जपानी स्वयंपाकात पुष्कळ ठिकाणी हे माशाचं पाणी असतं. वर तरंगणारी भाजी बघून काही कळत नाही.

मुलगी न्हाणीघरात जाऊन रडली. मी तिला जवळ घेतलं. "अगं, नकळत झालं. कुणी काही म्हणणार नाही," असं सांगितलं. तीही सावरली.

रात्री तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, जेवतेय ना नीट?" आणि मी, शब्द दिलेली, जबाबदार बाई, सगळं सांगून मोकळी झाले. मग काय विचारता! आई रडली, आजी फोनवर आली, मुलीला उद्या दिवसभर फळांवर राहायचं फर्मान निघालं, आणि "आम्ही नको म्हणत होतो" हे तीन वेळा झालं. फोन ठेवून ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी शांत. म्हणाली, "मॅडम, मी ते तुम्हाला सांगितलं होतं. आईला मी घरी गेल्यावर, माझ्या पद्धतीनं सांगणार होते."

मी तिला म्हटलं, "आईपासून काही लपवू नये गं." खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. एवढी जबाबदारी घ्यायची, आणि वर हे! आतल्या खोलीत मुली हळू आवाजात बोलत होत्या. मी गेले तशा गप्प झाल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही बागेला निघालो. ओकायामात अजून ट्राम चालते. मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढे चालकाजवळच्या पेटीत नाणी टाकायची. चौदा मुलांची सुटी नाणी मोजता मोजता एकच गडबड झाली. उतरल्यावर मी डोकी मोजली. चौदा. पण डोकीच मोजली, सामान नाही.

कोराकुएन बघून मी खरोखर हरखले. इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदारानं १६८७ साली काम सुरू करवलं आणि १७०० साली बाग पुरी झाली. जपानातल्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. मोठमोठी हिरवळ, मधून वळणं घेत जाणारं पाणी, आणि गंमत म्हणजे बागेतच भाताचं खाचर आणि चहाचा छोटा मळा! सरदार असला तरी त्याला शेत डोळ्यांसमोर लागत होतं. पुण्याच्या बागेतला तो पूल, ते तळं, सगळं इथं मोठं होऊन भेटल्यासारखं वाटलं. नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो, त्याला 'कावळ्यांचा किल्ला' म्हणतात. १९४५ सालच्या २९ जूनला पहाटे या गावावर बॉम्ब पडले, सतराशेहून अधिक माणसं गेली. तो किल्ला जळला आणि बागेचंही फार नुकसान झालं. किल्ल्याची मुख्य इमारत १९६६ साली पुन्हा बांधली. बागेची जुनी चित्रं जपून ठेवलेली होती, ती बघून बाग परत तशीच्या तशी केली.

चार वाजता फाटकापाशी जमायचं ठरलं होतं. मी मोजलं. तेरा.

पुन्हा मोजलं. तेरा. कराडची मुलगी नव्हती. ती तशी अबोल, शेवटी चालणारी. "कुठाय ती?" कुणी बोलेना. सगळ्या खाली बघत होत्या. त्यावरूनच मी समजले, की सगळ्यांना ठाऊक आहे आणि फक्त मला ठाऊक नाही. फोन करावा तर तिच्या फोनला तिथलं कार्डच नव्हतं. आमचं इंटरनेटचं यंत्र सरांच्या खिशात, आणि त्याच्यापासून लांब गेलं की फोन म्हणजे नुसतं घड्याळ. शेवटी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिचं पाकीट ट्राममध्ये राहिलं. पासपोर्ट त्यातच होता. ती अडीचलाच पोलिसांकडे गेलीय."

माझ्या पायातलं बळच गेलं. सर ट्रामच्या थांब्याकडे धावले. मला म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा." मी बाकावर बसून राहिले. समोर किल्ला, मोकळी नदी, फोटो काढणारी माणसं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मुंबईचा विमानतळ आणि माझा हात धरलेली तिची आई. वीस वर्षांची पोर, परक्या गावात, खिशात मैत्रिणीनं दिलेले हजार येन. म्हणजे तेव्हाच्या भावानं जेमतेम साडेपाचशे रुपये.

पाच वाजून गेल्यावर पुलावरून ती सरांबरोबर येताना दिसली. पाकीट गळ्यात. मी उठले, आणि काय बोलणार होते ते सगळं विसरले.

पोलीस चौकी तिथं नाक्यानाक्यावर असते, तिला 'कोबान' म्हणतात. ती आपण होऊन तिथं गेली. पोलिसानं ट्रामच्या डेपोला फोन केला. शेवटच्या थांब्यावर चालकानं पाकीट जमा केलेलं होतं. पण ते तिचंच कशावरून? आत काय काय आहे, ते सांगा. पासपोर्ट सांगितला, पैसे सांगितले. तिसरी वस्तू होती आजीनं दिलेली अंगाऱ्याची पुडी. अंगाऱ्याला जपानीत काय म्हणायचं? वर्गात कुठं शिकवलेलं असतं ते! तिनं 'देवाची राख' असं काही तरी जोडून सांगितलं. पोलीस बुचकळ्यात. मग तिनं गळ्याशी हात नेऊन, डोळे मिटून दाखवलं. तसा तो चटकन म्हणाला, "ओमामोरी?" तिकडे देवळात रक्षणासाठी छोटे ताईत मिळतात, त्यांना ओमामोरी म्हणतात. "हाय, हाय!" ही म्हणाली. मग त्यानं डेपोचा पत्ता कागदावर काढून दिला. ट्रामनं जाऊन, अर्ज भरून, सही करून ती पाकीट घेऊन आली.

"पण मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं एकदा नाशिकच्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही लगेच कराडला कळवलं असतं. बाबा आधीच तयार नव्हते. मला पुढे जपानीतच काम करायचंय, कदाचित इथंच. पहिल्याच खेपेला पासपोर्ट हरवला म्हटल्यावर जन्मभर हेच ऐकवलं असतं."

मैत्रिणींनो, मला तिथं फार लागलं ते. मला वाटत होतं, मी पोरींना सांभाळतेय. आणि पोरी मला चुकवून एकमेकींना सांभाळत होत्या. समजा, त्या पाकिटाच्या शोधात तिला काही झालं असतं, तर ते मला सगळ्यात शेवटी कळलं असतं, आणि तशी वेळ मीच आणली असती. कालच्या एका फोननं.

पासपोर्ट गेला की मोठ्या माणसाला सांगायलाच हवं, हे मी तिला बजावून सांगितलं. त्यात मी काही सूट दिली नाही. पण पुढचंही सांगितलं, की "तू मला सांग, आणि घरी काय नि केव्हा सांगायचं ते तू ठरव. जिवावरचं दुखणं असेल तेवढं मात्र मी कळवणार."

त्याच रात्री, जणू परीक्षा घ्यायलाच, तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, सगळं ठीक ना?" जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. मी म्हटलं, "तिच्याशीच बोला ना," आणि फोन तिच्या हातात दिला. मी आपली भांडी विसळत बसले. कान मात्र तिकडेच! आधी हवापाणी झालं, जेवण झालं. आणि मग ऐकते तो काय, पोरगी आपण होऊन सगळी हकीगत सांगतेय! ट्राम, पोलीस, देवाची राख, सगळं. पलीकडून आधी "अगं बाई!" आणि मग चक्क हसू. आजीला तर अंगाऱ्याचीच साक्ष पटली म्हणून धन्य वाटलं. बाबा काय म्हणाले ते मला कळलं नाही. पण फोन ठेवताना तिचा चेहरा हसरा होता.

नाशिकच्या मुलीची मी माफी मागितली. विद्यार्थिनीची माफी मागायला सुरुवातीला जड गेलं, पण मागितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ती आणि त्या जपानी बाई दोघी पातेल्यावर वाकलेल्या. कोंबू नावाची समुद्रातली वाळलेली पट्टी असते. ती तासभर पाण्यात भिजत घालायची, मंद आचेवर ठेवायची आणि उकळी फुटायच्या आधी काढून घ्यायची. मग त्या पाण्यात टोफूचे तुकडे घालायचे आणि गॅस बंद करून मिसो कालवायचा. मासा नाही, काही नाही. तिनं पहिली वाटी मला दिली. वरून मी चिमूटभर मेतकूट घातलं, त्यावर मात्र बाईंनी पुन्हा तोंडावर हात घेतला.

त्या दिवशी मुलांना आम्ही दोघादोघांच्या जोड्यांनी गावात सोडलं. प्रत्येक जोडीजवळ पत्त्याची चिठ्ठी, सुटे पैसे आणि परतायची वेळ. मी एकटी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि ताक समजून काही तरी गोड पेय घेऊन आले, ते जाऊ द्या. येताना रस्त्यात मोमोतारोचा पुतळा लागला. मनात आलं, त्या म्हातारीनं लाडू बांधून दिले आणि ती घरी राहिली. राक्षसांच्या बेटापर्यंत मोजत गेली नाही. सोबती त्याचे त्यानंच जोडले, तिच्या लाडवांवर.

तुमची लेक अशी कुठे निघाली असेल तर थोडं सांगते. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता देऊ नका. कोरडं, बंद पाकिटातलं द्या. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवायला लावा आणि मूळ प्रत अंगावर. शाकाहारी असाल तर 'मासा नको' एवढं पुरत नाही, 'माशाचं पाणीही नको' हे त्या भाषेत कागदावर लिहून घ्या. आणि रात्री फोन कराल तेव्हा बरोबरच्या बाईंना विचारण्याआधी मुलीला विचारा. तिनं काही सांगितलं, तर पहिलं वाक्य रागाचं नको. दुसरं असलं तर चालेल.

पुढचे अकरा दिवसही मी डोकी मोजली. ते काही सुटायचं नाही. पण मनातल्या मनात, ओठ न हलवता. आणि घरी परतले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला हाताशी धरून लोणचं घालून ठेवलेलं होतं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.